मिनियापोलिसमधील को-ऑप : वर्षभराच्या पावत्यांचा हिशेब

ओसरी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आम्ही मिनियापोलिसमधल्या, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका सहकारी किराणा दुकानाचे, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या को-ऑपचे, सभासद झालो. त्याआधी चार वर्षे मी त्या दुकानावरून रोज जात होते. आत मात्र एकदाच शिरले होते आणि दाराजवळ मांडलेल्या टोमॅटोंचा भाव वाचून तशीच परत फिरले होते. सभासद झाल्यावर बारा महिन्यांच्या सगळ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात साठवल्या. परवा त्या जमिनीवर पसरल्या, शेजारी भारतीय वाणसामानाच्या दुकानाच्या पावत्या मांडल्या आणि दुपार त्यातच गेली. को-ऑपमध्ये जावे की जाऊ नये, असा प्रश्न इथे वरचेवर विचारला जातो. पावत्या पाहिल्यावर मला तो प्रश्नच चुकीचा वाटू लागला आहे. तिथे काय घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, एवढेच ठरवायचे असते.

ज्यांना को-ऑपची घडण ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सहकारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना, पतपेढी किंवा गृहनिर्माण संस्था येते; गिऱ्हाइकांनी मिळून चालवलेले दुकान क्वचितच आठवते. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत मात्र अशी दुकाने पन्नास वर्षांपासून आहेत. सिवर्ड १९७२ मध्ये निघाले, वेज १९७४ मध्ये, सेंट पॉलचे मिसिसिपी मार्केट १९७९ मध्ये. ठरावीक रकमेचा भाग विकत घेतला की आपण मालकांपैकी एक होतो. आमच्याकडे ती रक्कम हप्त्यांनी भरता येते आणि गाव सोडताना परत मागता येते. कुणी कितीही पैसे गुंतवले तरी मत प्रत्येकाला एकच. सभासद नसलेल्यांनाही दुकान खुले असते, त्यामुळे आधी दोन-तीन महिने नुसती खरेदी करून पाहावी आणि मग भाग घ्यावा, असे मी सुचवीन.

माझ्या पावत्यांमधला सर्वांत मोठा वाटा सुट्या मालाचा आहे. भिंतीला लागून उभे पारदर्शक डबे असतात, त्यांना खाली खटका असतो आणि आपल्या घरच्या बरणीत हवे तेवढे धान्य काढून घेता येते. आधी रिकाम्या बरणीचे वजन करून ते बरणीवर लिहायचे, मग मालाचा क्रमांक लिहायचा. गल्ल्यावर बरणीचे वजन वजा होते. माझ्या आजोळी तेल आणायला गेले की वाणी आधी भांड्याचा धडा करून घेत असे, तोच हा प्रकार आहे. फक्त इथे धडा आपला आपण करायचा असतो आणि तो विसरला तर काचेच्या बरणीचे पैसे डाळीच्या भावाने मोजावे लागतात. मी ते एकदा मोजलेले आहेत.

पाटीवरचा भाव पौंडाचा असतो हेही नवख्या माणसाच्या लक्षात राहत नाही. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणून पाटीवरच्या आकड्याला २.२ ने गुणल्याशिवाय भारतीय दुकानातल्या पिशवीशी तुलना करू नये. पौंडाला ३ डॉलर ही पाटी स्वस्त भासते, पण तो भाव किलोला साधारण ६ डॉलर ६० सेंट पडतो.

आता मालाविषयी. मसूर डाळ, अख्खे मूग आणि चवळी मी तिथून घेते, कारण मोड आणायला लागतात तेवढे वाटीभर मूग घेता येतात आणि पाच किलोची पिशवी कपाटात अडकून पडत नाही. तूरडाळ मात्र तिथे शोधू नये. तिच्यासारखी दिसणारी जी पिवळी डाळ असते ती वाटाण्याची; तिची आमटी दाट होते, पण ती तुरीच्या चवीची होत नाही. काबुली चण्याचे पीठ म्हणजे बेसन नव्हे, हे मी दिवाळीत लाडू वळताना शिकले. आपले बेसन हरभऱ्याच्या डाळीचे असते. त्या पिठाने तूप जास्त ओढले, रंगही वेगळा आला आणि लाडू शेवटी वाटीतून चमच्याने खावे लागले.

कणकेचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. आमच्या या शहराने १८८० ते १९३० ही पन्नास वर्षे सगळ्या अमेरिकेत सर्वाधिक पीठ दळले. हेही एक गिरणगावच होते, फक्त कापसाऐवजी गव्हाचे. पण आसपासच्या प्रदेशात पिकतो तो मुख्यतः कडक लाल गहू. त्याचे पीठ पावासाठी उत्तम आहे, पण त्याची पोळी चिवट होते आणि किंचित तुरट लागते. डब्यांमध्ये कडक पांढऱ्या गव्हाचे पीठ मिळाले तर ते घ्यावे. ते आपल्या कणकेच्या बरेच जवळ जाते.

मसाल्यांत को-ऑपचा खरा फायदा आहे. आमच्याकडच्या बऱ्याचशा मसाल्याच्या बरण्या फ्रंटियर या आयोवामधल्या संस्थेकडून येतात, आणि १९७६ मध्ये सुरू झालेली ती संस्था स्वतःही सहकारीच आहे. तिच्याकडून घाऊक माल घेणारी दुकानेच तिची मालक आहेत. तिथे चमचाभर जायपत्री किंवा चार मसाला वेलदोडे घेता येतात आणि त्याचे पैसे सेंटांत होतात. सिलोनची खरी दालचिनी आणि जाड सालीची नेहमीची दालचिनी या दोन्हींच्या बरण्यांवर वेगळी नावे असतात, जी सोय आमच्या भारतीय दुकानात नाही. गोड्या मसाल्याची तयारी मात्र तिथे अर्धीच होते. दगडफूल आणि नागकेशर मिळत नाही आणि खसखस मिळते ती निळसर काळी.

शेवटी दूध. काचेच्या बाटलीतले, एकजीव न केलेले दूध मिळते आणि बाटलीची अनामत परत येते. बाटलीच्या गळ्याशी साय धरलेली असते. आठवड्याची साय विरजून मी लोणी काढते आणि कढवते. घरात कढलेल्या तुपाचा वास पसरला, तर टोमॅटोचा भाव मी विसरून जाते. तो भाव अजूनही तेवढाच आहे. कांदे, बटाटे, कोथिंबीर, आले, मिरच्या, तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा आणि गूळ यांसाठी मी को-ऑपमध्ये पाऊलही ठेवत नाही.

इतरांचा अनुभव वाचायला आवडेल.

जात्यावरची

ओसरी, लेख अतिशय उपयोगाचा आहे. एक पुरवणी जोडते. को-ऑपमध्ये ज्वारीचे पीठ पाहून मी आनंदाने घेऊन आले आणि पहिल्याच भाकरीला ते हातातच फाटले. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, दळल्यानंतर काही आठवड्यांत जाते, आणि गिरणीतून गोदामात, गोदामातून डब्यात आलेल्या पिठात ती कुठून उरणार? उकड काढून केली तर भाकरी होते, पण ती थापण्यातली मजा गेलेली असते. त्यापेक्षा डब्यात अख्खी ज्वारी असेल तर ती घ्यावी आणि घरच्या छोट्या गिरणीत दळावी.

डब्यावर नुसते ‘मिलेट’ लिहिलेले असेल तर ती बाजरी असेल असे समजू नये. इथे त्या नावाने पिवळी, गोल दाण्याची प्रोसो जात विकतात आणि ती दिसायला व शिजायला आपल्या वरईच्या जवळची आहे. मी तिचा उपमा करते, बरा होतो.

हिशेबनीस

मी व्यवसायाने लेखापाल आहे, त्यामुळे जिभेच्या विषयावर न बोलता कागदाच्या विषयावर बोलतो.

ज्या वर्षी को-ऑपला नफा होतो त्या वर्षी संचालक मंडळ त्यातला काही भाग सभासदांना परत देण्याचे ठरवू शकते. तो आपण किती भाग घेतले यावर ठरत नाही, वर्षभरात किती खरेदी केली यावर ठरतो. ही पद्धत इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ मध्ये काढलेल्या दुकानापासून चालत आली आहे. को-ऑपला त्या वाटपावर करसवलत हवी असेल तर किमान २० टक्के रक्कम रोख द्यावी लागते. उरलेली रक्कम सभासदाच्या नावे संस्थेतच राहू शकते. घरगुती खरेदीवर मिळालेला असा परतावा सामान्यतः करपात्र नसतो, कारण तो उत्पन्न नसून आपणच जास्त मोजलेल्या किमतीची परतफेड असते. अनेकांकडे हा धनादेश येतो आणि जाहिरातीचे पत्र समजून टाकून दिला जातो. त्यावर मुदत छापलेली असते, ती पाहावी.

दुसरा मुद्दा शब्दांचा आहे. ‘ऑरगॅनिक’ आणि ‘नॅचरल’ या शब्दांना आपण एकाच तागडीत घालतो, पण कायदा तसे करत नाही. ऑरगॅनिक हा शब्द १९९० च्या केंद्रीय कायद्याने बांधलेला आहे आणि त्याची हिरवी-पांढरी गोल मुद्रा ऑक्टोबर २००२ पासून वापरात आली. तिच्यामागे नियम, तपासणी आणि प्रमाणपत्र असते. ‘नॅचरल’ या शब्दामागे तसली यंत्रणा नाही. मांसावर तो छापला असेल तर कृत्रिम घटक नाहीत आणि प्रक्रिया कमीत कमी आहे एवढेच कळते. जनावर कसे वाढवले याविषयी त्यातून काही कळत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे म्हणून आतली प्रत्येक वस्तू सेंद्रिय आहे, असे धरून चालू नये.

फळावरची चिकटपट्टी वाचण्याची सवय लावावी. चार आकडी क्रमांक म्हणजे साधा माल, आणि त्याच्याआधी ९ लावून पाच आकडी झाला तर सेंद्रिय. साध्या केळ्याचा ४०११, सेंद्रिय केळ्याचा ९४०११. गल्ल्यावर घाईत चुकीचा क्रमांक दाबला गेला तर दोन्हींपैकी एका बाजूचे नुकसान होते आणि ती बाजू बहुतेक वेळा आपली असते.

चुलीमागचा

आपण सर्वांनी फार आत्मीयतेने लिहिले आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

माझ्या मते ही दुकाने सुखवस्तू लोकांनी स्वतःला दिलेली शाबासकी आहे. ओसरीताईंच्याच यादीकडे पाहावे. कांदा, बटाटा, तांदूळ, डाळ, म्हणजे ज्यावर घर चालते ते सगळे त्या दुसरीकडून आणतात, आणि को-ऑपमधून येते जायपत्री. तेव्हा ज्याचा महिन्याचा खर्च मोजूनमापून आहे त्याने तिथे काय करावे? शिवाय मालकी गिऱ्हाइकांची असली तरी माल कुणाचा असतो? या भागातल्या को-ऑपना माल पुरवणारी ब्लूमिंग प्रेअरी ही सहकारी घाऊक संस्था २००२ मध्ये एका मोठ्या खासगी वितरक कंपनीला विकली गेली. तीच कंपनी होल फूड्स या मोठ्या दुकानसाखळीलाही माल पुरवते. मग एकाच गोदामातून निघालेली लापशी दोन दुकानांत गेली, तर एक सहकारी आणि दुसरी भांडवलदारी कशी होते?

मला तेथील कर्मचाऱ्यांविषयी आदर आहे. माझा आक्षेप भावनेवर आहे.

ओसरी

चुलीमागचा यांचा आक्षेप मला आवडला, कारण तो नवा नाही. याच शहरात तो लोखंडी नळ्या हातात घेऊन मांडला गेला होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथली को-ऑप निघाली तेव्हा त्यांच्यात हातसडीचा तांदूळ, अख्खे धान्य आणि मध असे; पांढरी साखर आणि डबाबंद माल यांना मज्जाव होता. त्यांच्यातच एक डावा गट तयार झाला. त्याचे म्हणणे असे की गिरणी कामगाराच्या बायकोला डबाबंद वाटाणे आणि साखर स्वस्तात हवी असताना तुम्ही तिला गव्हाचे अंकुर विकता, म्हणजे हे दुकान तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरांचेच राहणार. मे १९७५ मध्ये त्या गटाने सर्व दुकानांना माल पुरवणाऱ्या पीपल्स वेअरहाउस या गोदामाचा बळजबरीने ताबा घेतला. बाहेर पडलेल्या दुकानांनी मग वेगळी वितरण संस्था काढली. पुढच्या काही महिन्यांत माणसांना मारहाण झाली, एक मालमोटार जाळली गेली. साखर विकावी की न विकावी यावरून! पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. नंतर वाटले की पंक्तीला कुणाला बसवायचे आणि ताटात काय वाढायचे यावरून आपल्याकडे याहून मोठी भांडणे झालेली आहेत.

त्या गटाची पद्धत वाईट होती, पण प्रश्न खोटा नव्हता आणि तो आजही सुटलेला नाही. आज बहुतेक को-ऑपमध्ये साखर मिळते, सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड चालते, आणि अनेक ठिकाणी कमी उत्पन्नाच्या सभासदांना सवलत असते. तरीही भाव चढेच आहेत, हे मी मूळ लेखातच मान्य केले आहे.

गोदामाविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. बंद डब्यांतला माल मी म्हणूनच तिथून घेत नाही. तोच डबा मोठ्या दुकानात कमी किमतीला असतो. पण दूध, अंडी, भाजी आणि मध त्या गोदामातून येत नाहीत. ते तासा-दोन तासांच्या अंतरावरून येतात आणि कुणाच्या शेतावरून आले ते पाटीवर लिहिलेले असते. दुसरे असे की, मागच्या हिवाळ्यात मी आणि आणखी एका गुजराती सभासद बाईंनी सूचनापेटीत कच्च्या हळदीसाठी चिठ्ठी टाकली. दोन आठवड्यांनी फलकावर लेखी उत्तर लागले आणि महिनाभरात हळद आली. मोठ्या दुकानात मी सात वर्षे गिऱ्हाईक आहे. तिथे चिठ्ठी कुठे टाकायची हेही मला ठाऊक नाही.

सातवा रस्ता

मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहतो आणि पार्क स्लोप फूड को-ऑपचा सभासद आहे. भाव चढेच असणार, हे ओसरी यांनी गृहीत धरले आहे. आमच्याकडे तसे नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे.

१९७३ मध्ये निघालेल्या या को-ऑपमध्ये सभासदांखेरीज कुणालाही खरेदी करता येत नाही, आणि प्रत्येक सभासदाला दुकानात काम करावे लागते. घरात जितके प्रौढ असतील तितक्या सर्वांनी सभासद व्हायचे. एकाने काम करून सगळ्या घराने स्वस्त खायचे, हे चालत नाही. महासाथीपूर्वी दर चार आठवड्यांनी पावणेतीन तासांची पाळी असे, आता ती सहा आठवड्यांनी येते. दुकानातले बहुतेक काम अशा रीतीने फुकट होते, म्हणून घाऊक किमतीवर साधारण २५ टक्के चढवूनही दुकान चालते. नेहमीच्या दुकानांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी आहे. फळे, भाजी, चीज आणि मसाले यांत फरक ठळक दिसतो.

माझी पाळी तळघरात असते. मोठ्या पोत्यांतले बदाम, मनुका, जिरे, धणे लहान पिशव्यांत भरणे आणि चीजच्या चाकांचे तुकडे करून बांधणे हे माझे काम आहे. माझ्या शेजारी एकदा एक निवृत्त न्यायाधीश जिऱ्याच्या पिशव्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते आणि वाकड्या लागल्या म्हणून शाळेतल्या मुलीएवढ्या वयाच्या पर्यवेक्षिकेने त्यांना त्या पुन्हा लावायला सांगितल्या. काही सभासद नारिंगी जाकीट घालून गिऱ्हाइकांना घरापर्यंत किंवा गाडीपर्यंत सोडायला जातात आणि ढकलगाडी परत आणतात. तेही कामच.

याची दुसरी बाजूही सांगतो. पाळी चुकली की ती भरून द्यावी लागते, नाहीतर खरेदीचा हक्क थांबतो. माझी पत्नी दोन नोकऱ्यांच्या ओढाताणीत असताना आम्ही वर्षभर सभासदत्व सोडले होते. ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याच्याकडे वेळ जास्त असतो, हा समज या शहरात तरी खरा नाही.

पार्ले पूर्व

हा धागा वाचून मला राहवले नाही. आपण सर्व अमेरिकेतल्या दुकानांविषयी लिहीत आहात, पण ओसरी यांनी ज्या १९७५ सालचा उल्लेख केला त्याच साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि आमच्या घरात तिचे सामान माझ्या लहानपणापासून येते. आपल्याला ग्राहकांचे दुकान आठवत नाही, हे विधान म्हणूनच मला मान्य नाही. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेला अपना बाजार होता, वारणानगरचा वारणा बाजार आहे. पंचायतीची गोष्ट मात्र याहून निराळी आहे, कारण तिने दुकानच काढले नाही.

शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा मिळून एक संघ होतो. प्रत्येक घर महिन्याची मागणी छापील यादीवर आधी नोंदवते. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी होते आणि ठरलेल्या दिवशी संघातल्या एखाद्याच्या घरी सामानाची गाडी येते. आमच्याकडे ती यायची तेव्हा दिवाणखान्यातल्या खुर्च्या जिन्यात जात. आई यादी वाचायची, तळमजल्यावरच्या काकू मोजून द्यायच्या, आम्ही मुले पिशव्या घेऊन जिने चढायचो. कुणाचे खोबरेल कमी पडले, कुणाचा साबण जास्त आला, हे तिथल्या तिथे मिटवायचे. दुकानाचे भाडे नाही, मांडणी नाही, काचेची कपाटे नाहीत, विक्रेता नाही. म्हणून भाव कमी.

पण आजच हवे म्हणून आज मिळेल, असे तिथे नव्हते. यादीत असेल तेच आणि महिन्यातून एकदाच. जायपत्रीचे चार तुकडे हवेत असे आई कुणाला सांगणार होती? ओसरींच्या को-ऑपमध्ये जी किंमत वाढते ती या निवडीची वाढते, असे मला वाटते. ब्रुकलिनमध्ये लोक श्रम देतात, आम्ही निवड सोडून देत होतो आणि थोडे श्रमही देत होतो, मिनियापोलिसमध्ये या दोन्हींऐवजी पैसे मोजले जातात.

हिशेबनीस

पार्ले पूर्व यांनी माझ्या क्षेत्रातले वाक्य माझ्याआधी लिहिले. त्यात एवढीच भर घालतो की सुटा माल हा मधला मार्ग आहे. तिथे भरणे, मोजणे आणि चिठ्ठी लावणे ही कामे गिऱ्हाईकच करते. ओसरी यांच्या पावत्यांत तोच वाटा फायद्याचा निघाला, हा योगायोग नव्हे.

जात्यावरची

एक व्यावहारिक शंका आहे. माझ्याकडे सुट्या डब्यातून आणलेल्या पिठात दोनदा जाळी झाली. दुकानात तक्रार केली तर त्यांनी पैसे लगेच परत केले, पण तोवर शेजारच्या रव्यातही अळ्या गेल्या होत्या. आपण सर्व काय काळजी घेता?

ओसरी

सुटे धान्य घरी आले की मी ते आधी चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवते आणि मगच बरणीत भरते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तशीच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरते. पीठ महिनाभराचेच आणते आणि ते शीतकपाटात ठेवते. तांदळाला आई एरंडेल चोळून ठेवायची. इथे एरंडेल औषधांच्या दुकानात इवल्याशा बाटलीत मिळते, त्यामुळे तो उपाय मी करून पाहिलेला नाही.

खरेदी कधी करावी हेही पाहावे. ज्या डब्याचा माल भराभर खपतो त्यातूनच घ्यावे. आमच्याकडे ओट, मसूर आणि भाजलेले दाणे रोज भरले जातात, पण राजगिऱ्याचे पीठ केव्हा भरले होते ते कुणी सांगू शकत नाही. दाण्यांवरून आठवले, तिथे दाणे दळून लोणी करून देणारे यंत्र असते आणि बटण दाबून ठेवले तर ते थांबत नाही. कूट हवे असेल तर त्या यंत्राच्या नादी लागू नये. भाजलेले, बिनमिठाचे दाणे सुटे घ्यावेत आणि घरी कुटावेत.

चुलीमागचा

मी माझा आक्षेप निम्मा मागे घेतो. शनिवारी पहिल्यांदाच बरणी घेऊन गेलो होतो. धडा करायला विसरलो नाही. वाइल्ड राइसच्या, म्हणजे इथल्या रानभाताच्या, मात्र दोन डब्यांसमोर मी अडलो. एकाच नावाच्या दोन मालांत एवढा मोठा भावाचा फरक का, हे तिथल्या मुलाने सांगितले, पण मला नीट कळले नाही.

ओसरी

हा विचारण्यासारखाच प्रश्न आहे. स्वस्त असतो तो शेतात पाणी भरून पेरलेला आणि यंत्राने कापलेला. मिनेसोटा या आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे त्यावर तसे लिहावे लागते. महाग असतो तो सरोवरांत आपोआप उगवलेला. ओजिब्वे हे इथले मूळ रहिवासी लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि तो त्यांच्या जेवणातलाच नव्हे, तर त्यांच्या इतिहासातलाही पदार्थ आहे. एक माणूस लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा एका काठीने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने हलकेच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, उरलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. हा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो.

म्हणजे बरोबर आपल्या ऋषिपंचमीच्या सुमारास. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून कोकणात आपोआप उगवलेला देवभात शोधतात. नांगर न लागलेले, पाण्यातून हाताने गोळा केलेले धान्य इथल्या को-ऑपच्या डब्यात त्याच आठवड्यांत येते, हे माझ्या लक्षात यायला पाच वर्षे लागली. गेल्या ऋषिपंचमीला मी भाजीबरोबर तोच केला. सासूबाईंना दूरभाषवर सांगितले, तर त्या म्हणाल्या की होडी ढकलणाऱ्या माणसाला कष्ट नाहीत का?

शिजवताना एक लक्षात ठेवावे. काळाभोर आणि चकचकीत असतो तो पेरलेला. त्याला पाऊण तास ते तास लागतो. सरोवरातला, लाकडाच्या विस्तवावर भाजलेला दाणा करडा-तपकिरी असतो आणि वीस मिनिटांत फुलतो. पेरलेल्याच्या हिशेबाने तो पाऊण तास ठेवलात, तर पातेल्यात पेज मिळेल.